मतमोजणीनंतरची अर्धशिशी

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या मुलीचे नाव विसरले.

वेळ नक्की सांगता येते. सम्यका सहावीत होती आणि तिच्या शाळेची रिक्षा रोज त्याच वेळी भंडाऱ्यातल्या आमच्या घरासमोर थांबायची. माझी साप्ताहिक सुटी होती. मी दार उघडले. तिचा चेहरा उजवीकडून अर्धा नव्हता. तिथे काळोख नव्हता, धूसरही नव्हते. तिथे काहीच नव्हते, आणि त्या नसलेल्या भागाच्या कडेने काचेचे तुकडे चमकावेत तसे काहीतरी चमकत होते. हे मला नवीन नव्हते. असे पूर्वी अनेकदा झाले होते आणि वीस मिनिटांत गेले होते.

मला म्हणायचे होते, 'सम्यका, पाय धू.' 'पाय धू' तयार होते. त्याच्या आधीचा शब्द नव्हता. मी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिले. त्यावर 'सम्य' एवढेच दिसत होते. पुढे काय असावे हे मला सुचले नाही.

मी बोलले. तोंडातून आले, "पान... पान लाव."

सम्यका हसली. तिला वाटले, मी गंमत करते आहे. मग माझ्या उजव्या हाताची बोटे बधिर झाली, बधिरपणा कोपरापर्यंत चढला आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यात आला. मी पुन्हा तेच म्हणाले, "पान लाव." तिचे हसू थांबले.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी माझे तोंड पाहिले आणि त्या रिक्षावाल्याकडे धावल्या. "ए भाऊ, थांब! सुनबाईले लकवा मारला वाटते. पयले दवाखान्यात घे, लेकरं मंग सोड."

रिक्षात आणखी चार मुले होती. ती दप्तरे मांडीवर घेऊन एका बाजूला सरकली. 

पित्त

मी एका मराठी दैनिकाच्या भंडारा कार्यालयात काम करते. मी लागले तेव्हा पानाचे नाव 'भंडारा-गोंदिया' होते. पुढे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि पानाचेही. भंडाऱ्याचे पान नंतर माझ्याकडे आले. सातही तालुक्यांतून बातम्या येतात, मी त्या तपासते, मथळे देते, पान लावते आणि छपाईसाठी नागपूरला सोडते. पान सोडले की ते परत येत नाही. त्यात जे चुकले ते सकाळी हजारो घरांत चुकलेलेच जाते. हे काम आमच्या कार्यालयात माझ्याआधी कोणत्याही बाईकडे नव्हते.

डोकेदुखी मुलीच्या जन्मानंतर सुरू झाली. डाव्या डोळ्याच्या मागे दुखायचे, उजेड सहन व्हायचा नाही, फोडणीच्या वासाने उलटी व्हायची. दोन दिवस जायचे. मी त्याला पित्त म्हणायचे. घरातही पित्तच म्हणायचे. नवरा मिलिंद मोहाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो म्हणायचा, "संगणकासमोर इतके तास बसून राहिली तर दुसरं काय होईन?" सासूबाई म्हणायच्या, "जेवाले टाइम नाही, झोपाले टाइम नाही. डोस्कं दुखन नाही तर काय गाणं म्हणन?" मी सुंठ उगाळून लावली, ओढणी कपाळाला आवळून बांधली, चार वर्षांत तीन वेळा चष्म्याचा नंबर बदलला. कार्यालयात मी उलटी करताना नळ सोडून ठेवायचे, म्हणजे बाहेर आवाज जात नाही.

दुखण्याच्या आधी कधीकधी पानाचा काही भाग दिसेनासा व्हायचा. मथळ्याचे पहिले दोन शब्द दिसायचे, शेवटचे दोन नाही. मी मान वळवून वाचायचे. हे कोणाला सांगितले नाही. जिल्ह्याचे पान लावणाऱ्या माणसाला अर्धे पान दिसत नाही, ही बातमी मी स्वतःच दाबली.

एकदा ती दाबली गेली नाही. ग्रामपंचायतीचे निकाल होते. एका गावाच्या उमेदवारांची दोन नावे शेजारीशेजारी होती, विजयी आणि पराभूत. मी उजवीकडचे नाव न पाहताच पान सोडले. सकाळी सात वाजता सानगडीच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला.

"ताई, तुम्ही तं पडलेल्याले निवडून आणलं."

"काय?"

"आता निवडून आलेला माझ्या दारात बसून आहे. म्हणते, गुलाल मी लावला, फोटो त्याचा काहून? चहा पाजून राहिलो, पण लवकर काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला. खुलासा म्हणजे चुकीच्या बातमीची दुरुस्ती. पान दोन, तळाशी, चार ओळी. ब्युरो प्रमुख भोयर सर मला काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी माझे पान दोनदा मागवून वाचले. त्यानंतर मला डोकेदुखीपेक्षा पान हातातून जाण्याची भीती जास्त वाटू लागली.

प्रश्न

दवाखान्यात पोहोचल्यावर डोक्याचा स्कॅन झाला. अहवाल येईपर्यंत मला एका पडद्याआड झोपवले होते. मला सगळे समजत होते. डॉक्टर बाई आल्या, त्यांनी माझे हात उचलायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली आणि पेन दाखवून विचारले, "हे काय आहे?"

मला माहीत होते. मी त्यावरच जगते. पण शब्द आला नाही.

त्या वेळी मी काय विचार करत होते हे नंतर अनेकांनी विचारले. मुलीचे, घराचे काय होईल, असे उत्तर त्यांना अपेक्षित असते. खरे उत्तर असे आहे की मी मनातल्या मनात सात तालुक्यांची नावे म्हणायचा प्रयत्न करत होते. साकोली आले, पवनी आले. पुढे काही नाही. शब्द परत आले नाहीत तर मी कोण राहते, एवढा एकच प्रश्न होता.

साधारण पाऊण तासाने ते आले. एकदम नाही. आधी 'लाखांदूर' आले, का ते माहीत नाही. मग पेन. मग मी पडदा बाजूला केला. सम्यका बाकावर गणवेशातच, दप्तर पाठीवर घेऊन बसली होती. मी तिला नावाने हाक मारली. ती जागची उठली नाही. म्हणाली, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटले. तेव्हा ती रडली. त्याच मिनिटाला डाव्या डोळ्यामागे ठोके सुरू झाले, आणि दुखते आहे याचा आयुष्यात पहिल्यांदा मला दिलासा वाटला. हे ओळखीचे होते.

मिलिंद शाळेतून आला तेव्हा स्कॅनचा अहवाल आला होता. त्यात काही सापडले नव्हते. डॉक्टर स्टूल ओढून बसल्या.

"शेवटची पाळी कधी आली?"

मी आठवू लागले. मागच्या जिल्हा परिषद निवडणुकीत कोणत्या गटात कोण किती मतांनी पडले, हे मी त्या अवस्थेतही सांगू शकले असते. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

"अंदाजे?"

"नक्की नाही सांगता येणार."

"काही गोळ्या, औषधं सुरू आहेत?"

"नाही. दुखलं तर डोकेदुखीची घेते, तेवढीच."

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् पर्समधल्या? त्या बारक्या, पांढऱ्या? त्या काहून नाही सांगत?"



"कोणत्या गोळ्या?" मिलिंदने विचारले.

"मले वाटलं, तुमचं दोघांचं काही ठरलं असन," सासूबाई त्याला म्हणाल्या. "म्हणून मी बोलली नाही. तुलेच मालूम नाही का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "पाळी पुढे ढकलायच्या?"

"हो."

"कोणी लिहून दिल्या?"

"कोणी नाही. मेडिकलमधून."

"आतापर्यंत किती वेळा?"

मी बोटांवर मोजू लागले. पहिला हात संपला. दुसऱ्यावर तिसऱ्या बोटाशी मी थांबले, कारण डॉक्टरांनी वहीतून मान वर केली होती.

"या वेळी कधी बंद केल्या?"

"सोमवारी. मतमोजणी सोमवारी होती."

त्यांनी जे सांगितले ते मी तिथेच पेन मागून घेऊन लिहिले, त्यामुळे ते जवळपास त्यांच्याच शब्दांत देता येते. "लकवा नाही. मेंदू ठीक आहे. ही अर्धशिशी आहे, आणि बाईच्या शरीरातली संप्रेरकं एकदम खाली उतरली की ती काहींना गाठते. दर महिन्याला ती आपोआप उतरतातच. तुम्ही गोळ्यांनी त्यांना आठवडाभर रोखून धरता आणि मोजणी संपली की एकदम सोडून देता. मग काय होईल? आणि ज्यांना दुखण्याआधी दिसेनासं होतं, बोलता येत नाही, त्यांनी अशा गोळ्या डॉक्टरला न विचारता कधीच घ्यायच्या नसतात. आज लकवा नव्हता. हे तुम्हाला घरी बसून कळलं असतं का?"

"नाही."

"तुम्ही शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या फक्त नोंद करत होत्या.

मिलिंद खिडकीजवळ गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

लेख

आता जे सांगायचे आहे ते मला त्या गुरुवारपेक्षा जड जाते.

त्याच्या दोन वर्षे आधी मी एक लेख लिहिला होता. सणासुदीला, घरच्या पूजेला, लग्नाला बाया पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. मेडिकलच्या दुकानात त्या कागदात गुंडाळून मिळतात आणि कोणी चिठ्ठी मागत नाही. मी चार दुकानांत जाऊन पाहिले, नऊ बायांशी बोलले. लेख चांगला झाला होता. भोयर सरांनी तो पानाच्या वरच्या भागात लावला होता.

लेखात एक वाक्य होते: 'शिकलेल्या, कमावत्या बायाही कॅलेंडर पाहून गोळ्या घेतात, याचे आश्चर्य वाटते.'

लेख छापून आला त्या आठवड्यात माझ्या पर्समध्ये अर्धी संपलेली पट्टी होती. नगर परिषदेची मोजणी होती.

मी खोटे लिहिले नव्हते. मला ते खरोखर दिसले नाही. आमच्या घरात पाळीला कोणी बाजूला बसत नाही. सासूबाई करडी गावच्या. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हाऱ्यासोबत हे बाजूला बसणेही घरातून गेले. सासूबाई नवीन नवरी म्हणून आल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी घाबरत विचारले, "चुलीजवळ येऊ का?" सासरे अंगणातून म्हणाले, "भाकरी करपून राहिली, अन् ही विचारते येऊ का!" हा किस्सा मी त्या लेखातही नाव न देता वापरला होता. अशा घरातली बाई पूजेसाठी गोळी घेत नाही, याची मला खात्री होती आणि अभिमानही होता.

मी निवडणुकीसाठी घेतली. अधिवेशनासाठी घेतली. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसित गावांवर मालिका लिहिताना दिवसभर फिरायचे होते आणि त्या नव्या वसाहतींत कोणाच्या घरी न्हाणीघर मागायला लाज वाटत होती, म्हणून घेतली. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी घेतली. कार्यालयात आठ पुरुष होते आणि स्वच्छतागृह एक. ऐन मोजणीच्या दिवशी पोटावर हात धरून बसलेली बाई त्यांना दिसू नये, एवढे मी ठरवले होते. हे कोणी मला सांगितले नव्हते. घरातून जे साठ वर्षांपूर्वी गेले होते ते मी कार्यालयासाठी स्वतः परत आणले, आणि त्याला कामाची शिस्त म्हटले.

ओला टॉवेल

डॉक्टरांनी तीन महिने नोंदी ठेवायला सांगितले: पाळीची तारीख, दुखण्याची तारीख, झोप, जेवण. मी घरी आल्यावर आधी जुन्या डायऱ्या काढल्या. कार्यालयाची डायरी मी वर्षानुवर्षे लिहिते. कोणती बातमी, कोणता वार्ताहर, पान किती वाजता सुटले. 'पित्त', 'सुटी', 'लवकर निघाले' अशा नोंदीही त्यात होत्या. मी त्या एका कागदावर उतरवल्या. त्यांच्याशेजारी मोजणी, दौरे अशा मोठ्या दिवसांच्या तारखा लिहिल्या.

जवळपास प्रत्येक मोठ्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांनी 'पित्त' होते. मधल्या महिन्यांत साधारण सव्वीस ते तीस दिवसांच्या अंतराने होते. पडलेल्या उमेदवाराला मी निवडून आणले, ती तारीखही त्या रांगेत होती.

एका सूत्रावर बातमी छापत नाहीत. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, माझं डोकं कधी दुखतं, तुमच्या ध्यानात आहे?"

"महिन्याच्या महिन्याले." त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

"तुम्हाला कसं माहीत?"

"न्हाणीतल्या फळीवर पॅडचा नवा पुडा दिसला का मी टावेल भिजवून फ्रीजमंधी ठेवतो. तू येते, पडते, अन् म्हणते, आई, टावेल. कधी गरम भेटला का तुले?"

कधीच मिळाला नव्हता. इतक्या वर्षांत तो टॉवेल नेहमी गार असायचा आणि तो आधीपासून गार कसा असतो हे मी एकदाही विचारले नव्हते. विचारणे हा माझा पेशा आहे.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू पित्त म्हणे. पेपरवाली तू का मी?" त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या येळी सांगाची सोयच नव्हती वं. मले वाटलं, तुमच्या येळी असन."

घर

मिलिंद आठवडाभर माझ्याशी गरजेपुरते बोलला. भांडण एकदाच झाले, रविवारी दुपारी.

"बारा वर्षं झाली लग्नाला. तू गोळ्या खाऊन राहिली, अन् मले मायकडून कळते. तेही दवाखान्यात."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

"मले काय माहीत काय केलं असतं! विचारलं तं असतं कोणाले."

तो बरोबर होता. मी तसे म्हटले. त्यानंतर त्याने सकाळचा डबा आपल्याकडे घेतला. पहिला महिना सम्यकाच्या डब्यात रोज बटाटा होता. तिने तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "तुह्या आईचं डोकं ठीक राहू दे, मग भेंडी शिकतो."

सम्यकाचे वेगळे होते. दवाखान्यानंतर ती रडली नाही, तिने काही विचारलेही नाही. पण त्या दिवसापासून शाळेतून आली की दारातच उभी राहायची आणि म्हणायची, "माझं नाव सांग." मी कार्यालयात असले तर फोन करायची. भोयर सर समोर बसलेले असताना, बैठक सुरू असताना मी फोनवर म्हणायचे, "सम्यका." ती "बरं" म्हणून ठेवून द्यायची. हे कित्येक महिने चालले. मी तिला थांबवले नाही. मलाही ते ऐकायचे असायचे.

उपचारांबद्दल थोडक्यात. ढकलायच्या गोळ्या बंद झाल्या. झटका सुरू होताच घ्यायचे औषध मिळाले. ते दुखणे वाढल्यावर घेऊन उपयोग नसतो, हे शिकायला तीन महिने लागले. जेवणाची आणि झोपेची वेळ ठरली. झटके गेले नाहीत. कमी झाले, छोटे झाले. शब्द पुन्हा गेले नाहीत. डॉक्टरांनी बजावून सांगितले आहे की पुन्हा गेले तर अर्धशिशीच असेल म्हणून घरी बसायचे नाही, थेट दवाखान्यात यायचे. वाचणाऱ्या बायांनाही मी तेच सांगते. कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. न विचारता घेऊ नये, एवढेच सांगते.

पान

रजेवरून परतले त्या दिवशी भोयर सरांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "वैशालीताई, काही दिवस महिलांची पुरवणी पाहा. आठवड्यातून एकदा निघते. धावपळ नाही. पान नरेश बघेल."

नरेश माझा कनिष्ठ सहकारी. मला हेच होईल असे वाटत होते. मी तयारी करून गेले होते, दाराआड बोलायची. पण दार उघडेच होते आणि बाहेर सगळे जण कामात असल्याचे दाखवत होते. मी म्हटले, "सर, मला लकवा नाही. पाळीच्या दिवसांत अर्धशिशी येते. मोठ्या दिवसांना पाळी येऊ नये म्हणून मी गोळ्या घेऊन ती पुढे ढकलत होते. त्यामुळे जास्त झालं. आता घेणार नाही."

बाहेर कीबोर्डचा आवाज थांबला.

"हे एवढं मोठ्यानं कशाला, ताई," सर टेबलाकडे पाहत म्हणाले.

"हळू सांगितलं असतं तर पुरवणी मिळाली असती."

 सर म्हणाले, "मग मोजणीच्या दिवशी आलं तर?"

मी डायरी उघडून दाखवली. येणाऱ्या महिन्यांत ज्या चार-पाच दिवसांत झटका येण्याची शक्यता होती, तिथे मी शिसपेन्सिलीने लिहिले होते: 'दुसरा वाचक'. त्या दिवसांत पान सोडण्याआधी आणखी एका जणाने ते वाचायचे, आणि मला दिसेनासे झाले तर त्यानेच सोडायचे. सरांनी डायरी दोनदा चाळली. "हे तर सगळ्यांनाच लावायला पाहिजे," ते म्हणाले. पान माझ्याकडे राहिले. तात्पुरते, असे ते म्हणाले.

पुढची मोजणी आली ती नेमकी पेन्सिलीच्या खुणेवर. मी गोळी घेतली नाही. दुपारी साडेतीन वाजता तुमसरचे आकडे येत असताना पडद्याचा उजवा कोपरा गेला. मी औषध घेतले आणि म्हटले, "नरेश, दिसत नाही. तू बस." अठराएक वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले. तो उठला, माझ्या खुर्चीवर बसला आणि इतकेच म्हणाला, "ताई, फाइलरूमचा लाइट बंद करून ठेवला आहे. चटई पण टाकली."

जुन्या अंकांच्या त्या खोलीत मी दोन तास पडून होते. भिंतीपलीकडे निकाल ओरडून सांगितले जात होते. फोन वाजला.

"माझं नाव सांग."

"सम्यका."

"बरं. आजी म्हणते, टावेल भिजवला आहे."

सकाळी मी पान ओळ न ओळ वाचले. एका ठिकाणी मोहाडी तालुक्यातले गाव पवनीत गेले होते. मी नरेशला फोन केला. तो म्हणाला, "पाहिलं, ताई. खुलासा लिहून ठेवला आहे." मला जे वाटले ते आनंदाच्या जवळचे होते.

खुलासा

इतक्या जुन्या लेखाची दुरुस्ती वर्तमानपत्र छापत नाही. ती मी इथे देते.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांविषयीच्या लेखात नऊ महिलांशी बोलल्याचे म्हटले होते. ती संख्या दहा अशी वाचावी. दहावीचे म्हणणे घ्यायचे राहून गेले होते. 'शिकलेल्या, कमावत्या बाया' यांत लेखिकेचा समावेश करावा. 'आश्चर्य वाटते' हे शब्द तसेच ठेवावेत.